एका चेकची कुळकथा

आमच्या घरात पूर्वी दिवसाची सुरुवात देवाच्या नावाने होत असे, असं अण्णा सांगतात. अण्णा म्हणजे माझे वडील. हल्ली ती 'चेक'च्या नावाने होते. सकाळी सौ. दूध चेक करते, म्हणजे पिशवीवरची तारीख वाचते. चिरंजीव डोळे उघडण्याआधी मोबाइल चेक करतात. मी काट्यावर उभा राहून वजन चेक करतो आणि काटाच बिघडला आहे अशा निर्णयाला येऊन खाली उतरतो. घराबाहेर पडताना "अहो, गॅस चेक केलात का?" हा प्रश्न जिन्याच्या पहिल्या वळणावर येतो आणि "कुलूप चेक केलंत का?" हा दुसऱ्या वळणावर. मग मी पुन्हा वर जाऊन कुलपाला तीन हिसके देऊन येतो. आमच्या दाराचं एकही कुलूप आजवर चोराने तोडलेलं नाही. दोन मी तोडली आहेत.

एवढं सगळं करून मी जातो कुठे? तर बँकेत. चेक पास करायला.

तरीसुद्धा हा शब्द मला कधी खुपला नव्हता. तो खुपला चिरंजीवांमुळे. स्टेपलर शोधताना त्यांना माझ्या खणात चेकबुक सापडलं. "बाबा, हे कसलं पावतीपुस्तक?" म्हणून त्यांनी विचारलं. बँकवाल्याच्या मुलाने हे विचारावं, म्हणजे भटजींच्या मुलाने जानवं दाखवून "ही कसली दोरी?" असं विचारण्यासारखंच. मी चष्मा सारखा केला. बी.कॉम.ला, सेकंड क्लास का होईना, मी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ घोकला होता. त्यातलं कलम ६ मी त्याला ऐकवलं. विशिष्ट बँकेवर काढलेले, आणि मागणीखेरीज अन्य प्रकारे देय असल्याचे ज्यात व्यक्त केलेले नाही असे, बिल ऑफ एक्स्चेंज म्हणजे चेक.

चिरंजीव थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग आई गॅस चेक करते ते पण बिल ऑफ एक्स्चेंज का?"

आता याला काय उत्तर द्यायचं? दुधाची तारीख, टीसीने मागितलेलं तिकीट, चौकडीचा शर्ट (ज्याला दुकानदार 'चेक्स' म्हणतो), घाटातला चेकनाका, डॉक्टरांचं चेकअप आणि पगाराचा चेक, ही सगळी एकाच घरची माणसं कशी? इतक्यात आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, "अरे, शह! शह म्हणजेच चेक. तेवढंसुद्धा माहीत नाही तुझ्या बापाला?"

अण्णा शाळेत गणित शिकवत आणि घरी बुद्धिबळ. दोन्हीत मी सारखाच निघालो. बुद्धिबळात त्यांचा एक नियम होता. शह द्यायचा तो मोठ्याने. समोरच्याचं लक्ष नाही असं बघून गुपचूप त्याचा राजा गाठायचा नाही. "आपण खेळतोय, खिसा कापत नाही," असं म्हणत. मी पुटपुटत शह दिला तर ते तो धरतच नसत. त्यांचा शह मात्र शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू जाई आणि तिकडून "हरला वाटतं पुन्हा!" असा प्रतिसाद येई.

अण्णांच्या त्या एका शब्दावरून मी शब्दकोश उघडले. बँकांना २०१५ पासून महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. ती घरात घालवली तर माळा साफ करावा लागतो. वाचनालयात घालवली तर ज्ञान मिळतं. मी ज्ञान पत्करलं. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, अण्णांचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. 'शह' आणि 'चेक' हे अर्थाने सारखे शब्द नव्हेत. ते एकच शब्द आहेत.

आपला चतुरंगाचा खेळ हिंदुस्थानातून इराणात गेला. तिथे त्याचं 'चत्रंग' झालं, अरबांनी त्याचं 'शतरंज' केलं. राजावर हल्ला झाला की इराणी खेळाडू म्हणे, "शाह!" म्हणजे, बाबा रे, तुझा राजा सांभाळ. राजाला हलायला कुठेच जागा उरली नाही, की "शाह मात!" राजा हतबल झाला. 'मात' म्हणजे 'मेला' असा अरबीतून अर्थ लावणारेही आहेत. पण बुद्धिबळात राजाला कोणी मारत नाही, कोंडतात. म्हणून मला 'हतबल'च पटतो. बँकेतल्या माणसाला तो जरा ओळखीचाही वाटतो.

पुढे हा खेळ अरबांबरोबर युरोपात उतरला. 'शाह'चं लॅटिनमध्ये 'स्कॅकस' झालं, जुन्या फ्रेंचात 'एशेक' झालं आणि इंग्लंडात पोचेपर्यंत झिजून 'चेक' उरलं. त्याचंच अनेकवचन झिजलं ते 'चेस'. म्हणजे चेस खेळणं याचा शब्दशः अर्थ 'राजेराजे' खेळणं. आणि इंग्रजांचं 'चेकमेट' म्हणजे आपलं 'शहमात'. आपण वर्तमानपत्रात शह-काटशह वाचतो, संकटांवर मात करतो, आणि दोन्ही शब्द आपल्या आजीने फोडणीला घातल्याइतके घरचे समजतो. तो इराणचा बादशहा एका वाटेने मराठीत आला आणि दुसऱ्या वाटेने, पार लंडनला वळसा घालून, सौ.च्या गॅसच्या बटणापर्यंत पोचला.

अर्थही असाच घरंगळत गेला. आधी राजाला धोका. मग राजाची वाट अडते म्हणून, नुसतं अडवणं. मग अडवून तपासणं. मग अडवायची भानगडच नको, नुसतं तपासणं. टीसी अजून दुसऱ्या पायरीवर आहे. तो आधी अडवतो. चेकनाक्याचं म्हणाल तर त्यात इंग्रजीतला 'चेक' अडवतो आणि मराठीतला 'नाका'ही अडवतो, त्यामुळे तिथे ट्रकवाल्याला दोनदा थांबल्यासारखं वाटत असेल तर नवल नाही. (चेकोस्लोव्हाकियाचा या घराण्याशी काहीही संबंध नाही. हे मी मुद्दाम चेक केलं. तो देशही १९९३ साली जॉइंट अकाउंट मोडून दोन स्वतंत्र खात्यांत निघाला.)

पण मला ओढ होती ती माझ्या रोजच्या भाकरीच्या चेकची. राजाला दिलेला शह पगाराच्या कागदावर कसा येऊन बसला?

त्यासाठी बाराव्या शतकातल्या इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात जावं लागतं. दुसऱ्या हेन्रीच्या खजिनदाराने, रिचर्ड फिट्झनील त्याचं नाव, ११७७ च्या सुमारास या खात्याच्या कामकाजावर लॅटिनमध्ये एक पुस्तकच लिहायला घेतलं. गुरू-शिष्यांचा संवाद आहे. आमच्या खात्यातल्या माणसाने सर्क्युलरला संवादाचं रूप दिल्याचं हे मला माहीत असलेलं एकमेव उदाहरण. त्यात वर्णन आहे ते एका टेबलाचं. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेने चार बोटं उंचीची पट्टी, म्हणजे वर ठेवलेल्या सोंगट्या खाली पडू नयेत. त्यावर काळं कापड आणि कापडावर आखलेली घरं. त्या घरांत सोंगट्या मांडून राज्याचा हिशेब व्हायचा. शिलिंगांचं घर, पौंडांचं घर, शेकड्याचं, हजाराचं. कापड का लागे? अहो, रोमन आकड्यांत कागदावर बेरीज करून दाखवा, माझी डिग्री मी तुम्हाला देऊन टाकतो.

टेबलाच्या एका अंगाला खजिनदार आणि दुसऱ्या अंगाला आपापल्या परगण्याचा वसूल घेऊन आलेला शेरीफ, म्हणजे तिथला मामलेदार. फिट्झनील स्वतःच म्हणतो, की बुद्धिबळात दोन राजांची लढाई होते तशी इथे या दोघांची होते. कापडाला बुद्धिबळाच्या पटाची कळा होती म्हणून खात्याचं नाव पडलं 'स्कॅकेरियम', म्हणजे पट. त्याचं इंग्रजी 'एक्सचेकर'. आजही ब्रिटनच्या अर्थमंत्र्याचा हुद्दा 'चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर' आहे. मराठीत सांगायचं तर पटाचे कारभारी. हिशेबाला बसायचे दिवस वर्षातून दोन, ईस्टरला आणि मायकलमासला, म्हणजे सप्टेंबरअखेर. हे वाचलं आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. मार्च आणि सप्टेंबर! आठशे वर्षांपूर्वीच्या त्या शेरीफाच्या बायकोनेही "आज क्लोजिंग आहे, जेवायला थांबू नकोस" हे वाक्य ऐकलं असणार. चौकडीच्या शर्टाला 'चेक्स' म्हणतात तेसुद्धा या पटावरूनच. अण्णांनी जन्मभर चौकडीचेच शर्ट वापरले, पण ते मळखाऊ म्हणून.

याच खजिन्यात पावती म्हणून लाकडी काठी देत. काठीवर रकमेच्या खाचा. हजार पौंडांची खाच तळव्याच्या जाडीची, शंभराची अंगठ्याच्या, वीसची करंगळीच्या, एका पौंडाची जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची, अर्धी तुम्हाला आणि अर्धी सरकारात. पुढे भांडण झालं की दोन्ही तुकडे जोडून बघायचे, खाचा जुळल्या की हिशेब खरा. यातल्या एका तुकड्याला 'फॉइल' म्हणत. स्लिपच्या काउंटरफॉइलवर शिक्का मिळाल्याशिवाय जी मंडळी आमच्या काउंटरवरून हलत नाहीत, त्यांची परंपरा इतकी जुनी आहे. ही पद्धत एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली. ती बंद झाल्यावर काठ्यांचा ढीग उरला. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी जुनं रेकॉर्ड नष्ट करावं म्हणून त्या काठ्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या तळघरातल्या भट्टीत घातल्या. भट्टी तापली, आणि रेकॉर्डबरोबर पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांची इमारतही नष्ट झाली. आमच्या शाखेत जुनी व्हाउचर्स काढायचा विषय निघाला, की मी ही हकीकत सांगतो आणि तो विषय पुढच्या वर्षावर जातो.

चेकची चिठ्ठी मात्र सतराव्या शतकातच रुळू लागली होती. इंग्लंडात सोनारांकडे पैसे ठेवायचे आणि अमक्याला इतके द्या म्हणून चिठ्ठी लिहायची. १६५९ सालची चारशे पौंडांची अशी एक हातची चिठ्ठी अजून जपून ठेवलेली आहे. पण तिला तेव्हा चेक म्हणत नव्हते. चेक म्हणत ते बँकेत मागे उरणाऱ्या अर्धुकाला. कारण कोणी खोटी चिठ्ठी आणली, की ती त्या अर्धुकाशी पडताळून त्याला शह देता येई. अठराव्या शतकात हळूहळू हे नाव अर्धुकावरून चिठ्ठीवर सरकलं, आणि एक्सचेकरच्या रुबाबाने त्याचं स्पेलिंगही लांबलं. अमेरिकनांनी ते लांबवलं नाही, ते सरळ 'चेक'च लिहितात. शिवाय हॉटेलात जेवून झाल्यावरही तिथे 'चेक' मागतात. माझा मावसभाऊ तिकडे गेल्यावर पहिल्या दिवशी खूश झाला होता, की या देशात जेवल्याबद्दल पैसे मिळतात. काही पंडित चेकचं मूळ अरबीतल्या 'सक्क' या लेखी हवाल्यात शोधतात. व्यापाराचा इतिहास बघता ते अगदीच चूक वाटत नाही, पण शब्दकोशकारांनी कौल शहालाच दिला आहे, आणि अण्णांच्या घरात राहून मीही दुसरा देऊ शकत नाही.

आता एक गोष्ट मी अभिमानाने सांगणार आहे. १७७० च्या सुमारास लंडनमधल्या बँकांचे क्लार्क रोज एकमेकांच्या बँकांत चेक घेऊन पायपीट करत. एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की आपण सगळे लोम्बार्ड स्ट्रीटजवळच्या 'फाइव्ह बेल्स' नावाच्या गुत्त्यात भेटतोच, तर चेकांची अदलाबदल तिथेच का करू नये? झालं! क्लिअरिंग हाउस जन्माला आलं. मॅनेजरांना याचा पत्ता बराच उशिरा लागला म्हणे. चेकवर दोन तिरप्या रेघा मारायची चालसुद्धा या क्लार्क मंडळींचीच. जगातल्या बँकिंगमधली एक मोठी सुधारणा क्लार्कांनी चहाच्या सुट्टीत केलेली आहे, आणि तीही चहा न पिता.

आपल्याकडेही काही कमी नव्हतं. आपली हुंडी होती. १८८१ च्या कायद्याने देशी भाषांतल्या अशा कागदांच्या स्थानिक रिवाजांना हात लावला नाही, एवढा तिचा दबदबा. तिच्यातला एक प्रकार 'शाहजोग'. ही हुंडी कोणालाही वटत नसे, बाजारात पत असलेल्या 'शाह'लाच तिचे पैसे मिळत, आपल्या क्रॉस केलेल्या चेकसारखं. मला वाटलं, सापडला इराणचा बादशहा! पण नाही. हा शाह संस्कृतातल्या 'साधु'वरून आलेला, आपला साव. म्हणजे चेक आणि शाहजोग हुंडी यांच्यात दोन शाह आहेत. एकात माणूस साव आहे असं धरून पैसे देतात, दुसऱ्यात तो साव आहे की नाही ते पडताळून.

इथे मला २०१९ सालची गोष्ट सांगायला हवी. खरं तर ती सांगायची नव्हती.

तेव्हा अण्णांची पेन्शन माझ्याच शाखेत होती. सेव्हिंग खात्यावर त्यांची सही होती २००१ सालची, निवृत्तीच्या वर्षाची. पहिलं अक्षर शिडाच्या काठीसारखं उभं, शेवटचं थेट समासापर्यंत गेलेलं, खाली दोन रेघा आणि दोन टिंबं. त्या वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं, उजवा हात तेवढा राहिला. आणि एक दिवस ते न सांगता रिक्षाने शाखेत आले, रांगेत उभे राहिले आणि माझ्या खिडकीत पाच हजारांचा चेक सरकवला. मी सही बघितली. शाईच्या दौतीत पडलेली मुंगी वर येऊन कागदावर चालत गेल्यासारखी.

स्क्रीनवर २००१ ची सही. हातात ही. मी मागे साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "अहो, तुमचेच वडील ना ते? द्या ढकलून." साहेब भला माणूस. पण नोकरीला लागल्यापासून सोळा वर्षं मी दुसऱ्यांच्या वडिलांचे चेक याच कारणासाठी परत केले होते. 'सही जुळत नाही' एवढं छापलेल्या मेमोवर एक टिक मारायची असते, तिला काही लागत नाही. तशा किती थरथरत्या हातांपुढे मी ती टिक मारली असेल, तेव्हा त्या हातामागचं तोंड बघितलंच नव्हतं.

मी खिडकीशी परत आलो आणि खाली बघत काहीतरी म्हणालो. अण्णांनी कान पुढे केला. "पुटपुटतोस काय? शह मोठ्याने द्यायचा असतो."

"अण्णा, सही जुळत नाही," मी म्हणालो. मागची रांग ऐकत होती.

"हं. मग?"

मग नियम सांगणं आलं. सही करता येत नसेल तर अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा माणूस. हे सांगताना मला माझंच ऐकू येत होतं. अण्णांनी पस्तीस वर्षं शाळेत काढली होती, आणि संध्याकाळी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात गवंडी आणि भाजीवाल्या यांना अंगठा सोडून सही करायला शिकवलं होतं. आमच्याच शाखेत त्यांच्या हाताखाली सही शिकलेली चार-पाच खाती असतील. शाईचा पॅड मी पुढे केला नाही. तो तिथेच होता, त्यांनी तो बघितला. चेक उचलला, चार तुकडे केले, खिशात घातले आणि म्हणाले, "रिक्षा थांबलीय माझी."

घरी त्यांनी हा विषय काढला नाही. मीही नाही. दोन दिवसांनी चिरंजीवांची दुरेघी वही नाहीशी झाली. त्या वेळी ते दुसरीत होते आणि वही हरवल्याचं त्यांना दुःख नव्हतं. मी एकदा रात्री पाणी प्यायला उठलो, तर अण्णांच्या खोलीत दिवा. डाव्या हातात पेन्सिल, जीभ किंचित बाहेर, आणि दोन रेघांच्या मध्ये स्वतःचं नाव. पानभर. मी पाणी न पिताच परत गेलो.

दीड महिन्याने ते पुन्हा आले. रांगेत उभे राहिले. सही बदलल्याचा अर्ज, फोटो, ओळखीचा पुरावा, सगळं पिशवीत लावून आणलेलं. नवी सही डाव्या हाताची. अक्षरं सुटी सुटी, दुसरीतल्या मुलासारखी ठसठशीत. रेघा मात्र दोन, टिंबं दोन. साहेबांनी ती स्वतः स्कॅन केली. मग अण्णांनी माझ्या खिडकीत पाच हजारांचा चेक दिला. मी तो स्क्रीनशी लावून बघितला. एकदा बघून भागलं असतं, मी तीनदा बघितला, कुलपासारखा.

आता चेक कोण लिहितो म्हणा. २०१२ च्या एप्रिलपासून त्याचं आयुष्य सहा महिन्यांवरून तीनवर आलं. आता तो कागद बँकेतून हलतही नाही, त्याचा फोटोच काय तो दुसऱ्या बँकेत जातो. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि भाजीवालीसुद्धा चौकटी-चौकटींचा पुठ्ठा पुढे करू लागली. नीट बघितलं तर तो फिट्झनीलच्या टेबलावरच्या कापडासारखाच दिसतो. फाइव्ह बेल्समधल्या त्या क्लार्कांना आता बसायला गुत्ता आहे, पण तिथे नेण्यासारखं काही नाही.

त्या दिवशी मी पाचशेच्या दहा नोटा मोजून अण्णांपुढे ठेवल्या. त्यांनी त्या उचलल्या, डाव्या हाताचा अंगठा ओला केला आणि एकेक नोट बाजूला सारत सावकाश मोजायला लागले. मागे सात-आठ माणसं होती. कोणीतरी घसा खाकरला.

"अण्णा, मी मोजल्यात," मी म्हणालो.

"तू माझी सही चेक केलीस ना? तीनदा?" ते म्हणाले. "मग थांब." आणि विसरल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.